दोनची जाग आणि हाफ क्लच

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४५, राहायला इंदिरानगर, उंची पाच फूट. सासूबाईंचं सहा वर्षं अंथरुणावरचं सगळं केलं, त्या फेब्रुवारीत गेल्या. भेटायला येणारे म्हणतात, "सुटलीस बाई." पण रात्री दोनला अजून जाग येते, कारण ती त्यांची कूस बदलून द्यायची वेळ होती. पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारीतल्या बायका मोटरसायकलवर बघितल्या आणि वाटलं, हे आपल्याला जमेल का? स्कूटर येते. मिस्टरांची सव्वाशे सीसीची गाडी पार्किंगमध्ये आहे. या वयात शिकता येईल का, आणि मन बरं होतं म्हणतात ते खरं का?

ताई, पहिल्याचं उत्तर एका शब्दाचं: येईल. मी नाशकात चौदा वर्षं बायकांना मोटरसायकल शिकवते. सर्वांत मोठी विद्यार्थिनी ६१ वर्षांची होती. कॉलेजच्या मुलींपेक्षा तिला लवकर जमलं, कारण तिला कुणाला काही दाखवायचं नव्हतं. दुसऱ्याचं उत्तर लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी सांगा, मिस्टरांच्या मागे तुम्ही कशा बसता? माझ्याकडे येणाऱ्या तुमच्या वयाच्या बहुतेकजणी वीस-पंचवीस वर्षं एका बाजूला बसून फिरलेल्या असतात. दोन्ही पाय डावीकडे, उजवा हात त्याच्या खांद्यावर, मांडीवर पिशवी नाहीतर पोर. रस्त्याची दिसते ती फक्त डावी बाजू. मागच्या चाकाला डावीकडे जी जाळी असते, साडी गार्ड, ती मोटार वाहन नियमांनुसार सक्तीची आहे, मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकलेला हवा. नियम चांगलाच आहे, त्यानं कितीतरी पदर आणि पाय वाचले असतील. पण बाई कुठे बसणार हे गाडी कारखान्यातून निघतानाच ठरलेलं असतं, हेही खरं. माझी एक विद्यार्थिनी दर श्रावणात नवऱ्याच्या मागे बसून त्र्यंबकला जायची. स्वतः गाडी घेऊन पहिल्यांदा गेली, तर आल्यावर म्हणाली, "मॅडम, ब्रह्मगिरी असा समोरून मोठा मोठा होत येतो, हे मला माहीतच नव्हतं." इतकी वर्षं समोर नवऱ्याचा शर्ट होता.

मी स्वतः हौसेनं शिकले नाही. सातपूरच्या एका कंपनीत तपासणीच्या कामावर होते, पहिली पाळी सकाळी सातची. मखमलाबादहून त्या वेळेला बस मिळायची नाही आणि घरात भावाची स्प्लेंडर होती, एवढंच कारण. पुढे माझा संसार मोडला. त्या वर्षी दिवसभर डोक्यात एकच रेकॉर्ड वाजायची: मी असं म्हणायला हवं होतं, त्यानं तसं का केलं. जाता-येतानाची पंचवीस-पंचवीस मिनिटं ती बंद असायची. मला वाटायचं, वाऱ्यानं बरं वाटतंय. शिकवायला लागले तेव्हा कळलं की वाऱ्याचा त्यात फारसा हात नाही. स्कूटरवरही वारा लागतोच की.

मोटरसायकलवर चारही हातपाय वेगवेगळी कामं करतात. डावा हात क्लच, डावा पाय गिअर, उजवा हात ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक, उजवा पाय मागचा ब्रेक. वर डोळ्यांना खड्डा, रिक्षा, कुत्रं आणि सिंहस्थाच्या कामांसाठी खोदून ठेवलेला रस्ता. एवढ्या गर्दीत जुनी रेकॉर्ड लावायला डोक्यात जागाच उरत नाही. यावर अमेरिकेत एक अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये 'ब्रेन रिसर्च' या नियतकालिकात आला. वीस मिनिटं गाडी चालवल्यावर ताणाशी संबंधित संप्रेरकांचा निर्देशक २८ टक्क्यांनी उतरला, हृदयाचे ठोके ११ टक्क्यांनी आणि ॲड्रिनलिन २७ टक्क्यांनी वाढलं, म्हणजे हलक्या व्यायामाइतकं. हे आकडे आमच्या धंद्यातले लोक फार मिरवतात, म्हणून पुढचंही सांगते. अभ्यासाला पैसा हार्ले-डेव्हिडसनचा होता आणि चालवणारे सगळे सरावलेले होते. नवशिकीचा ताण पहिला महिनाभर चढतो. हँडल इतकं घट्ट धरलं जातं की रात्री पोळी लाटताना मनगट दुखतं. तेव्हा दुसऱ्या दिवशी "मन काही बरं वाटत नाहीये हो" असा फोन करू नका.

आता तुमच्याबद्दल. सहा वर्षं अंथरुणावरच्या माणसाचं केलंय, म्हणजे माझ्या इतर विद्यार्थिनींपेक्षा तुम्ही पुढे आहात. हे मी मनधरणीसाठी म्हणत नाही.

पहिल्या दिवशी मी इंजिन सुरूच करू देत नाही. तपोवनाकडे मोकळी जागा आहे, तिथे सकाळी सहाला गाडी मुद्दाम हळूच आडवी करून ठेवते आणि सांगते, उचला. सगळ्याजणी समोरून वाकून, हँडल धरून, पाठीनं ओढायला जातात. गाडी हलत नाही, कंबर मात्र धरते. खरी रीत अशी: इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, म्हणजे घरंगळणार नाही. उजव्या बाजूला पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवायचा. मग गाडीकडे पाठ करायची, सीटला नितंब टेकवायचे, एका हातात हँडलची मूठ, दुसऱ्या हातात मागची पकड, गुडघ्यांत वाकायचं आणि छोटी छोटी पावलं मागे टाकत उठायचं. जोर मांड्यांचा, पाठ सरळ. सव्वाशे सीसीची गाडी साधारण १२० किलोची असते, ती पाच फुटाची बाई अशी उचलते. तुम्ही सासूबाईंना पलंगावर वर सरकवताना कुठला जोर लावायचा? पहिल्या वर्षी पाठ मोडून घेतली असेल, मग कुणा नर्सनं किंवा फिजिओथेरपिस्टनं सांगितलं असेल की गुडघ्यात वाका. तेच हे.

दुसरा दिवस हाफ क्लचचा. खरं शिक्षण तिथे आहे. इंजिन सुरू, क्लच पूर्ण दाबलेला, पहिला गिअर टाकला की पायाखाली खट् वाजतं. ॲक्सिलरेटरला हात लावायचा नाही. आता डाव्या हाताची बोटं इतकी सावकाश उघडायची की बघणाऱ्याला कंटाळा यावा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो आणि गाडी पुढे ओढ घेते. तिथेच बोटं थांबवायची. आत क्लचच्या प्लेटा एकमेकींवर घासत असतात, इंजिन आणि चाक अर्धवट जोडलेलं असतं. दोन्ही पाय जमिनीवरून घासत गाडी मुंगीच्या चालीनं जाते. लिंबाच्या झाडापासून भिंतीपर्यंत, तीसेक मीटर. परत फिरवायची, पुन्हा तेच. एका सकाळी चाळीस फेऱ्या होतात. ज्या मुली बोटं झटकन सोडतात त्यांची गाडी उडी मारून बंद पडते. आवाजातला तो बदल ऐकू यायला कान लागतो. रात्री झोपेत शेजारच्या खोलीतला श्वास बदलला की ज्या बाईला जाग येते, तिला हा कान मी काय शिकवणार?

आता धोक्याचं. हे प्रत्येक स्कूटरवालीनं दोनदा वाचावं. स्कूटरच्या डाव्या हातात मागचा ब्रेक असतो. मोटरसायकलच्या डाव्या हातात क्लच. वर्षानुवर्षांच्या सवयीनं, समोर काही आडवं आलं की डावा हात आपोआप आवळला जातो. मोटरसायकलवर तसं केलंत की इंजिन चाकापासून सुटतं, जी थोडी इंजिनाची ओढ गाडीला धरून ठेवत होती तीही जाते आणि गाडी मोकळी पुढे धावते. ब्रेक लागलेलाच नसतो. जन्मात स्कूटर न चालवलेल्या मुलीला हा त्रास नाही. अनुभवी स्कूटरवालीलाच आहे. म्हणून तिसऱ्या दिवसापासून मी मैदानात नुसतं "थांब!" ओरडते आणि उजवा हात, उजवा पाय एकदम लागेपर्यंत, डावा हात शेवटी येईपर्यंत रस्त्यावर नेत नाही. थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेक करतो, कारण ब्रेक लावला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं. मिस्टरांची गाडी २०१९ नंतरची असेल तर तिला बहुतेक सीबीएस असेल, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो. त्याच्या भरवशावर उजव्या हाताला आळशी करू नका.

ही घाई मी एकदा केली. विद्यार्थिनी हुशार होती, मैदानात सुंदर चालवायची, आणि तिला लवकर रस्त्यावर यायचं होतं. घटस्फोटाच्या तारखा चालू होत्या, तिला काहीतरी जिंकायचं होतं. मलाही तिचं मन मोडवेना. आठव्याच दिवशी तिला त्र्यंबक रोडला घेऊन गेले. एक कुत्रं आडवं आलं, तिचा डावा हात आवळला गेला, पुढचा प्रसंग सांगत नाही. कॉलरबोन मोडलं, तीन महिने गेले. चूक तिची नव्हती, माझी होती. ती नंतर परत आली नाही आणि येण्याचा आग्रह मी केला नाही. तेव्हापासून नियम एकच आहे: मैदानातले दिवस विद्यार्थिनीच्या उत्साहावरून ठरत नाहीत, तिच्या डाव्या हातावरून ठरतात.

शिकवायला नवरा नको. ते कितीही गुणी असोत. मागे बसून "अगं क्लच! क्लच! अगं!" करणारा माणूस आणि हाफ क्लच एका गाडीवर नांदत नाहीत. शिवाय त्यांची गाडी पडली तर तुमचं लक्ष तुमच्या गुडघ्याऐवजी टाकीच्या ओरखड्याकडे जाईल. त्यांना एक काम द्या: रविवारी सकाळी घरातल्यांचा चहा-नाश्ता.

परवान्याचं बघा. स्कूटरचा परवाना फक्त विनागिअर असेल तर त्यावर गिअरच्या मोटरसायकलचा वर्ग वाढवून घ्यावा लागतो. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवरून अर्ज करायचा, लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्क्या परीक्षेला तीस दिवसांनंतर जाता येतं. लर्निंगवर मागे शिकवणाऱ्या परवानाधारकाशिवाय कुणालाच बसवायचं नाही, हौसेनं भाचीलाही नाही.

गाडी कुठली, हे सगळ्या विचारतात आणि सगळ्यांच्या डोळ्यांपुढे शोभायात्रेतली बुलेट असते. बुलेटच्याच कंपनीच्या क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो आहे. सुरुवात तिच्यावर करायची नाही, विषय संपला. घरची सव्वाशे सीसी उत्तम. उंचीची काळजी फार करू नका; दोन्ही पाय सपाट टेकलेच पाहिजेत असं नाही, डाव्या पायाचा चवडा पक्का टेकला तरी चालतं, उजवा पाय ब्रेकवर असतो. अगदीच भीती वाटली तर ॲव्हेंजरसारखी बसकी गाडी बघा, तिची सीट ७३७ मिलिमीटरवर आहे, नेहमीच्या गाड्यांपेक्षा चार-पाच सेंटिमीटर खाली.

आणि शोभायात्रेचं म्हणाल तर मला तो दिवस आवडतो, मीही एकदा नथ घालून गेले आहे. पण फेट्यानं डोकं वाचत नाही. रोजच्या गाडीसाठी आयएसआय मार्कचं पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट घ्या. आपल्याकडच्या मुली चेहऱ्याला जाड स्कार्फ गुंडाळून वर हेल्मेट घालतात. त्यानं हेल्मेट सैल बसतं, आतून पातळ सुती टोपी पुरते. ओढणी नकोच. वेणी जॅकेटच्या आत, मंगळसूत्र आत, पायात घोटा झाकणारा बूट. हातमोजे पहिल्या दिवसापासून, पडताना माणूस हातच पुढे करतो. या वयात मध्येच अंगातून वाफा येतात, हेल्मेटमध्ये जीव घाबरतो. काच वर करून बाजूला थांबायचं, दोन घोट पाणी प्यायचं. लघवीला जागा मिळणार नाही म्हणून पाणीच प्यायचं नाही, ही आपल्या बायकांची जुनी खोड इथे चालत नाही. पेट्रोल पंपावर बिनधास्त स्वच्छतागृहाची चावी मागायची.

रस्त्याची पायरी मी अशी ठेवते. पहिले रविवार गंगापूर रोडनं सोमेश्वर, तिथून धरणापर्यंत, सकाळी सहा ते आठ. मग त्र्यंबक रोडवर अंजनेरीपर्यंत. दोन महिन्यांनी दिंडोरी-वणी. तिकडे द्राक्षांच्या हंगामात बागेतून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल डांबरावर सांडलेला असतो, तो सकाळच्या दवात साबणासारखा होतो. पिंपळगाव-चांदवडकडे अंधार पडल्यावर जायचंच नाही, कांद्याच्या ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं नाही. सापुतारा, साधारण ऐंशी किलोमीटर, सहा महिन्यांनी. कसारा घाटाचं नाव मी काढल्याशिवाय काढू नका. आणि खड्डा दिसला की त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, बाजूच्या चांगल्या रस्त्याकडे बघायचं. नजर जाते तिथेच गाडी जाते. भित्रं माणूस नेमकं खड्ड्यात जातं ते यामुळे.

आता मनाचं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक बायका काहीतरी घेऊन आलेल्या असतात. कुणाचं मूल गेलेलं असतं, कुणाचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेलं असतं, कुणाला घरात कुणी विचारत नाही. पहिल्या दिवशी कुणीच सांगत नाही. साधारण तिसऱ्या-चौथ्या रविवारी, धरणावर हेल्मेट काढल्यावर चेहरा ओला दिसतो. हेल्मेटमध्ये रडायची सोय फार चांगली आहे, कुणाला कळत नाही. पण काच आतून धुरकट होते आणि रस्ता दिसत नाही. म्हणून हेही मी शिकवते: रडू आलं की आरसा बघा, डावीकडचा इंडिकेटर द्या, कडेला घ्या, गाडी स्टँडला लावा, आणि मग रडा. पोटभर. मी थांबते. कुणी काही विचारत नाही. नंतर मिसळ खातो, नाशकातली रविवारची सकाळ मिसळीशिवाय पुरी होत नाही.

यातून सगळ्या बऱ्या होतात का? नाही. एकीनं सहा महिने चालवली आणि गाडी विकून टाकली, ती आता बागकाम करते आणि खूश आहे. एक रागात चालवायची. घरी भांडण झालं की किल्ली घेऊन निघायची, मुंबई नाक्यापासून हायवेला. तिला मी सरळ सांगितलं, किल्ली माझ्याकडे ठेव. भांडून गाडीवर बसायचं नाही, हा माझा हेल्मेटइतकाच पक्का नियम आहे. धोका पुसून टाकता येत नाही. हार्लेवरून देशभर फिरलेल्या, कसलेल्या वीणू पालिवाल २०१६ मध्ये मध्य प्रदेशात अपघातातच गेल्या.

आणि तुमची झोप. एवढ्या महिन्यांनीही रोज दोनला उठत असाल तर एकदा डॉक्टरांना दाखवाच, गाडी हे औषध नाही. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. झोपेची गोळी सुरू असेल तर मला आधी सांगा. सकाळी सहाला तिचा अंमल उरलेला असू शकतो आणि मग आपण वर्ग दुपारनंतर ठेवू.

घरच्यांचं "या वयात?" चालू राहील. अमेरिकेत १९१६ मध्ये व्हॅन ब्युरेन बहिणी मोटरसायकलवरून एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याला गेल्या, तर वाटेतल्या गावांत पोलिसांनी त्यांना अडवलं, कारण काय, तर पुरुषी कपडे घातलेत म्हणून. आपल्याकडे पुण्यात २०११ पासून 'द बाइकर्नी' हा बायकांचा गट आहे, रोशनी शर्मा २०१४ मध्ये एकटी कन्याकुमारीहून काश्मीरला गेली. हे घरी सांगून उपयोग होईल असं मला वाटत नाही. माझ्या अनुभवात घरचे ऐकतात ते एकाच कारणासाठी: पहिल्यांदा कुणाला तरी रात्री दवाखान्यात न्यायची वेळ येते आणि घरात स्कूटर बंद असते.

मला एका गोष्टीचं मात्र वाटतं, चुकत असेन तर सोडून द्या. लोक "सुटलीस" म्हणतात ते तुम्हाला लागतं, कारण तुम्ही सुटलेल्या नाही आहात. हातांना अजून काम मागायची सवय आहे. दोन वाजता उठतात ते हात आणि कान. त्यांना गप्प बसवायला जाऊ नका.

मैदानाचा वर्ग पुढच्या रविवारपासून सुरू करू. तोवर खाली जाऊन मिस्टरांची गाडी मेन स्टँडला लावायला सांगा, इंजिन बंद ठेवून वर बसा आणि क्लच चार बोटांनी दाबून सोडा, वीस वेळा, सोडताना मनात सातपर्यंत आकडे म्हणत. रात्री दोनला जाग आलीच तर अंथरुणात पडल्या पडल्या तोच सराव रिकाम्या मुठीवर करता येतो. माझ्या एका विद्यार्थिनीचा नवरा घाबरून विचारायला आला होता, रात्री ही अंधारात बोटं मोजत काय पुटपुटते म्हणून. त्याला आम्ही अजून सांगितलेलं नाही.